कळा लांबल्या तर नवऱ्याने काय करावं

पहिलटकरणीच्या कळा १२ ते १८ तास चालणं नेहमीचंच. सरकारी रुग्णालयात सोबतीला सहसा बाईमाणूसच आत घेतात. आई की बहीण, हे तिलाच विचारून आधी ठरवा. जळगाव-धुळ्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून जावयाने बाहेर बाकावर बसून राहावं असं मात्र नाही.

आत सोडलं, तर कळ येताच तळहाताने तिच्या कमरेखाली, माकडहाडाच्या वर घट्ट दाबून धरा. पाठीत भरणाऱ्या कळांना याने खरंच आराम पडतो. जोर किती, ते तीच सांगेल. कळ ओसरली की घोटभर पाणी, डॉक्टरांची मनाई नसेल तर. मे महिन्यात मानेवर ओला रुमाल. दर दोन तासांनी लघवीची आठवण करा. भरलेलं मूत्राशय बाळाची वाट अडवतं. नातेवाइकांचे फोन भावाकडे द्या.