न फसता आणि कुणाला न नागवता हापूस कसा घ्यायचा

मागच्या वर्षी पाडव्याच्या आधी हौसेने पेटी आणली, पेटीवर ठळक अक्षरात देवगड छापलेलं. वरचा थर झकास, खालचा लिंबाएवढा, मधे कागदाची एक छोटी पुडी आणि आंब्याखाली अंथरलेली रद्दी कन्नड पेपरची! कर्नाटकातला आंबा वाईट असतो असं नाही हां, रसाला मस्त चालतो, पण मग कर्नाटकचा म्हणून विका ना आणि भावही त्याचाच लावा.

तर सगळ्यात आधी स्वतःची घाई आवरा. आपल्याला फेब्रुवारीत आंबा हवा आणि तोही स्वस्तात, म्हणून तर या भानगडी चालतात. खरा जोर एप्रिल-मेमध्ये असतो, भावही तेव्हाच उतरतो.

मग विक्रेत्याला सरळ विचारा, बाग कुठली, बागायतदार कोण. २०१८ साली हापूसला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन (ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव वापरायचा हक्क) मिळालाय तो रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी, त्यामुळे 'सगळं कोकणच हो ताई' हे उत्तर चालवून घेऊ नका. पक्कं बिल मागा, बिलाचं नाव काढल्यावर जो चिडतो त्याच्याकडे मी परत जात नाही. पेटी तिथेच उघडायची, खालच्या थरापर्यंत बघायची, आणि एखादा कापून दाखवा म्हणायचं. कोकणातल्या हापूसची साल पातळ आणि गर केशरी, कर्नाटकच्याची साल जाड आणि गर पिवळा, सरावाने कळतं.

आणि पेटीत निघालेली ती पुडी म्हणजे कार्बाइड. फळं पिकवायला त्यावर बंदी आहे कारण त्यात आर्सेनिक, फॉस्फरसचे अंश असतात. इथिलीन गॅसने पिकवलेला चालतो, त्याला १०० पीपीएमपर्यंत (हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग) परवानगी आहे, म्हणजे 'केमिकल' शब्द ऐकून लगेच दचकायला नको. कार्बाइडचा आंबा सगळीकडून एकसारखा पिवळा दिसतो, वास जवळजवळ नाही आणि आत आंबट. पुडी सापडली तर फोटो काढून फूड सेफ्टी कनेक्ट अ‍ॅपवर टाका, नावाची फसवणूक असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. कटकट वाटते खरी, पण नाही केली तर पुढच्या वर्षी तीच पुडी शेजारच्यांच्या पेटीत.

सगळ्यात सोपं म्हणजे ओळखीच्या बागायतदाराकडून कच्चा आंबा मागवा. मग मात्र घासाघीस करू नका. फवारणी, राखण, उतरवणी सगळ्याला पैसा लागतो, बागेत रात्री राखणीला बसणारे बरेचदा नेपाळहून आलेले कामगार असतात, भाव पाडला की आधी त्यांच्याच मजुरीला कात्री लागते. आणि आत साका, म्हणजे गराचा पांढरट स्पंजासारखा खराब भाग, निघाला तर लगेच शिव्या नकोत, तो बाहेरून दिसतच नाही, बागायतदारालाही नाही. फोटो पाठवा, चांगला माणूस बदलून देतो.

आलेले आंबे पेंढ्यात देठ वर करून एका थरात ठेवा, रोज एकदा हात फिरवून मऊ झालेले बाजूला काढा. सालीला जरा सुरकुत्या आल्या म्हणून टाकू नका, तोच सगळ्यात गोड असतो.