सूटपत्राचा प्रश्न: विवाह आणि घटस्फोट यांविषयी पवित्र शास्त्राचा अभ्यास कसा करावा

विवाह आणि घटस्फोट यांविषयी पवित्र शास्त्र काय शिकवते, हा प्रश्न मंडळीत (म्हणजे चर्चमध्ये) बहुधा चुकीच्या वेळी विचारला जातो. कोणाचा तरी संसार मोडकळीला आलेला असतो, मुलगी माहेरी परतलेली असते, दोन्हीकडचे नातेवाईक पाळकांपुढे समोरासमोर बसलेले असतात आणि मग कोणीतरी ‘देवाने जे जोडले आहे ते माणसाने तोडू नये’ हे वचन मोठ्याने म्हणून दाखवतो. ते ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत तेव्हा तिथे कोणीच नसते. म्हणून हा अभ्यास डोळ्यांपुढे कोणाचेही प्रकरण नसताना, निवांतपणे करावा. अभ्यासवर्गात तो घ्यायचा असेल तर किमान तीन संध्याकाळ राखून ठेवाव्यात. एकाच बैठकीत उरकू गेल्यास पहिल्या तासाभरात सगळे जण ‘अपवाद कोणता’ या मुद्द्यावर येऊन अडकतात आणि विवाहाविषयी बोलायचे राहूनच जाते.

तयारी फारशी लागत नाही. एक मोठी वही, पवित्र शास्त्राची दोन मराठी भाषांतरे (एक जुन्या वळणाचे, एक सोपे) आणि पेन्सिल पुरेशी आहे. वही आडवी धरून पानावर चार रकाने आखावेत: प्रश्न कोणी विचारला, नेमका काय विचारला, उत्तर काय मिळाले आणि उत्तरात कशाबद्दल काहीच म्हटलेले नाही. हा चौथा रकाना अनेकांना अनावश्यक वाटतो, पण पुढे सर्वाधिक उपयोग त्याचाच होतो. प्रत्येक उतारा वाचण्याआधी तो हाताने उतरवून काढावा. कंटाळवाणे काम आहे, तरी टाळू नये, कारण डोळा जे ओलांडून जातो त्यापाशी हात थांबतो.

आरंभ पवित्र शास्त्राच्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायाने करावा. माणसाने एकटे असावे हे बरे नाही, त्याला अनुरूप साहाय्यक हवी, आईबापांना सोडून पुरुषाने स्त्रीशी जडून राहावे आणि दोघांनी एकदेह व्हावे, एवढेच तिथे आहे. त्यातले ‘आईबापांना सोडून’ हे शब्द पुरुषाला उद्देशून आहेत, याकडे वर्गाचे लक्ष अवश्य वेधावे. आपल्याकडे घर सोडण्याची सगळी जबाबदारी सुनेवर टाकून आपण मोकळे झालेलो असतो.

त्यानंतर मोशेच्या नियमशास्त्रातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायातील पहिली चार वचने घ्यावीत. ती उतरवताना लक्षात येते की मूळ रचनेत हे एकच लांबलचक वाक्य आहे: पुरुषाने स्त्रीशी लग्न केले, तिच्यात काही अनुचित आढळले, त्याने सूटपत्र लिहून तिला घराबाहेर घालवले, तिने दुसरा नवरा केला, त्यानेही तिला टाकले किंवा तो मेला, तर पहिल्याने तिला परत करू नये. आज्ञा असेल तर ती शेवटी आहे आणि तीही परत न घेण्याची. आपल्या जुन्या भाषांतरात मात्र ‘सूटपत्र लिहून तिच्या हाती द्यावे’ अशा वळणाने ते येते आणि त्यामुळे जणू मोशेने घटस्फोट घ्यायलाच सांगितले असा ग्रह होतो. मराठी वाचकाला सूटपत्र समजायला कठीण नाही. ती सोडचिठ्ठीच आहे. तिचा लाभ मात्र स्त्रीला होता. यहूदी परंपरेच्या मिश्ना या ग्रंथात या पत्राचे सार सांगितले आहे ते असे की, आता तू कोणत्याही पुरुषाशी विवाह करण्यास मोकळी आहेस. तो कागद हाती नसलेली स्त्री ना धड नांदती, ना धड मोकळी. नवऱ्याने टाकलेल्या पण कायदेशीररीत्या न सोडलेल्या बायका आपल्या गावोगावी आहेत, त्यामुळे हे वर्गाला फार समजावून सांगावे लागत नाही.

मलाखी या संदेष्ट्याच्या पुस्तकाचा दुसरा अध्याय वाचताना अधिक सावधगिरी बाळगावी. देवाला सूटपत्राचा तिटकारा आहे, हे वाक्य इथले. या वचनाची मूळ हिब्रू रचना अवघड आहे आणि आधुनिक भाषांतरे ती निरनिराळ्या तऱ्हेने लावतात, पण संदर्भाविषयी संशय नाही: आपल्या तारुण्यातल्या पत्नीशी बेइमानी करणाऱ्या पुरुषांना संदेष्टा फटकारत आहे आणि त्याच वचनाच्या पुढच्या भागात जुलमाने वस्त्र माखून घेणाऱ्याचाही धिक्कार आहे. एका अभ्यासवर्गात एका बाईंनी आपले पवित्र शास्त्र माझ्यापुढे उघडून ठेवले होते. मलाखीच्या त्या पानावर निळ्या शाईने अर्धेच वचन अधोरेखित केलेले होते. जुलमाविषयीचा अर्धा भाग कोरा होता. रेघ त्यांनी ओढलेली नव्हती, सासऱ्यांनी ओढून दिली होती. तेव्हापासून मी वर्गात हे वचन नेहमी पूर्ण उतरवून घ्यायला लावतो.

दुसरी संध्याकाळ मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या एकोणिसाव्या अध्यायासाठी ठेवावी आणि घाई करू नये. पहिल्या रकान्यात लिहावे: परूशी (नियमशास्त्र काटेकोरपणे पाळणारा यहूदी गट), परीक्षा पाहण्यासाठी. दुसऱ्या रकान्यात प्रश्न शब्दशः लिहावा: कोणत्याही कारणावरून बायको टाकणे योग्य आहे काय? यातल्या ‘कोणत्याही कारणावरून’ या शब्दांमागे एक चालू वाद होता. शम्मय आणि हिल्लेल या दोन गुरूंच्या परंपरा अनुवादातल्या त्याच ‘अनुचित’ शब्दावर भांडत होत्या. शम्मयाचे अनुयायी म्हणत, लैंगिक दुर्वर्तनाखेरीज टाकू नये. हिल्लेलाचे अनुयायी म्हणत, तिने जेवण बिघडवले तरी पुरे. म्हणजे परूशी विवाहाचे तत्त्वज्ञान विचारत नव्हते, ‘तुम्ही कोणत्या बाजूचे’ असे विचारत होते. शिवाय हे बोलणे यार्देन नदीपलीकडच्या प्रदेशात चालले होते. तिथे हेरोद अंतिप या शासकाची सत्ता होती आणि भावाची बायको ठेवल्याबद्दल त्याला दोष दिला म्हणून बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे शीर गेले होते. उत्तर कसेही दिले तरी अडचणच होती.

प्रभू येशूने दोन्ही बाजूंना बगल देऊन थेट उत्पत्ती काढली. मोशेने मग सूटपत्राची आज्ञा का दिली, असे परूशांनी विचारताच तो म्हणाला की, तुमच्या अंतःकरणाच्या कठोरपणामुळे मोशेने तुम्हांला बायका टाकू दिल्या. त्यांनी ‘आज्ञा’ म्हटले, त्याने ‘मुभा’ म्हटले. ही दोन क्रियापदे वहीत समोरासमोर लिहावीत. मार्काच्या दहाव्या अध्यायात हेच शब्द उलट बाजूंच्या तोंडी येतात, तेही प्रामाणिकपणे नोंदवावे. शुभवर्तमाने एकमेकांशी तंतोतंत जुळवण्याचा हट्ट या विषयात विशेष नडतो.

जारकर्माच्या कारणाखेरीज बायको टाकून जो दुसरी करतो तो व्यभिचार करतो, हे नववे वचन वाचताना मराठी वाचकाला एक सोय आहे. आपल्या रूढ भाषांतरात तिथे ‘जारकर्म’ आणि ‘व्यभिचार’ असे दोन निराळे शब्द आहेत, कारण मूळ ग्रीकमध्येही ते निराळेच आहेत. अपवादासाठी वापरलेला शब्द अधिक व्यापक आहे आणि त्यात नेमके काय काय येते यावर अभ्यासक आजही एकमत झालेले नाहीत. मार्क आणि लूक यांच्यात तर हा अपवाद मुळीच नाही. मार्कात आणखी एक गोष्ट आहे, बायकोने नवऱ्याला टाकण्याचा उल्लेख. रोमी कायद्यात हे शक्य होते. चौथ्या रकान्यात आता बरेच काही जमा झालेले असेल: मारहाणीविषयी इथे काही नाही, सोडून निघून गेलेल्या जोडीदाराविषयी काही नाही, व्यसनाविषयी काही नाही. न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे या उताऱ्यातून ओढून काढू नयेत, हा माझा आग्रह आहे. शिष्यांची प्रतिक्रियाही वाचायला विसरू नये: असे असेल तर लग्न न केलेले बरे! वर्गात इथे हमखास हशा पिकतो, पिकू द्यावा.

तिसऱ्या संध्याकाळी प्रेषित पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा सातवा अध्याय घ्यावा. पौल इथे दोन आवाजांत बोलतो आणि तसे सांगूनही टाकतो. दहाव्या वचनात ‘मी नव्हे तर प्रभू’ आज्ञा करतो: पत्नीने वेगळे होऊ नये, झालीच तर अविवाहित राहावे किंवा समेट करावा, पतीनेही तिला टाकू नये. बाराव्या वचनापासून मात्र ‘प्रभू नव्हे तर मी’ सांगतो, कारण एक जोडीदार विश्वासी आणि दुसरा नाही, हा प्रश्न येशूपुढे कोणी मांडलाच नव्हता. विश्वास न ठेवणारा जोडीदार राहायला राजी असेल तर राहू द्यावा. तो निघून गेला तर जावो, अशा प्रसंगी बंधू किंवा बहीण बांधलेली नाही. ‘बांधलेली नाही’ म्हणजे पुनर्विवाहास मोकळी की केवळ सोबत राहण्यातून मोकळी, यावर मंडळ्यांमध्ये दुमत आहे.

हा उतारा आपल्याकडे कागदावरचा राहिलेला नाही. १८६६ मध्ये इंग्रज सरकारने धर्मांतरितांच्या विवाहविच्छेदनाचा कायदा केला. ख्रिस्ती झाल्यामुळे जोडीदाराने सोडलेल्या व्यक्तीला त्यातून मोकळीक मिळवता येई. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे वेगळ्या राहिल्या. टिळकांनी विवाह मोडण्याचा मार्ग धरला नाही. पुढे लक्ष्मीबाई त्यांच्याकडे राहायला आल्या त्या हिंदू म्हणूनच, स्वतःचे सोवळे सांभाळत, आणि ख्रिस्ती झाल्या त्या आपल्या विचाराने. पौलाची ही वचने मराठीत शिकवताना यापेक्षा जवळचे उदाहरण मला सापडलेले नाही.

उतारे झाल्यावर आपली मंडळी काय मानते हे पाहावे. वसईच्या किंवा मुंबईच्या कॅथलिक वाचकाने हे धरून चालावे की, दोन बाप्तिस्माप्राप्त व्यक्तींचा पूर्णत्वास गेलेला विवाह कॅथलिक शिकवणीनुसार मृत्यूखेरीज कशानेही सुटत नाही. धर्मप्रांताचे न्यायमंडळ जे देते तो घटस्फोट नसून, तो विवाह मुळातच वैध नव्हता अशी घोषणा असते. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्यासाठी दुसऱ्या न्यायमंडळाकडूनही तोच निर्णय मिळण्याची अट काढून टाकली. बहुतेक प्रॉटेस्टंट परंपरा व्यभिचार आणि परित्याग ही दोन कारणे मानतात. ऑर्थोडॉक्स मंडळ्या काही प्रसंगी पुनर्विवाहास अनुमती देतात, मात्र त्या विधीत पश्चात्तापाचा सूर असतो.

मारहाणीचा प्रश्न वर्गात निघतोच, आणि तो निघाला की शास्त्रार्थ बाजूला ठेवावा. जिला आज रात्री घरी जायची भीती वाटते तिला प्रथम सुरक्षित जागा द्यावी, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखाली मदत मिळवून द्यावी, मग वचने काढावीत. ज्यांना शास्त्राचा आधार हवाच असेल त्यांनी निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायातली दहावी-अकरावी वचने वाचावीत; दासी म्हणून आणलेल्या पत्नीलाही अन्न, वस्त्र आणि दांपत्याचा हक्क नाकारल्यास तिने मोकळे निघून जावे, असे तिथे आहे. करिंथकरांस पत्रातही पौल वेगळ्या झालेल्या पत्नीला परत फरफटत आणायला सांगत नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात माहीत असावी. ख्रिस्ती विवाह १८७२ च्या अधिनियमानुसार होतात आणि घटस्फोट १८६९ च्या अधिनियमानुसार; गोव्यातले विवाहाचे कायदे पोर्तुगीज काळापासून वेगळे आहेत. २००१ पर्यंत नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरत असे, बायकोला मात्र त्याच्या जोडीला क्रूरता, परित्याग असे आणखी काही सिद्ध करावे लागे. अंतःकरणाचा कठोरपणा कायद्याच्या पुस्तकातही किती काळ टिकतो, याचा हा नमुना. त्या वर्षीच्या दुरुस्तीने बहुतेक कारणे दोघांना समान झाली आणि कलम १०-अ खाली परस्परसंमतीचा मार्ग आला. त्यात दोन वर्षे वेगळे राहण्याची अट लिहिलेली आहे. केरळ उच्च न्यायालयाने २०१० मध्ये ती एक वर्षावर आणली. आपल्या प्रकरणात काय लागू होईल ते वकिलांनाच विचारावे.

धर्मपीठाचा (म्हणजे वर सांगितलेल्या धर्मप्रांताच्या न्यायमंडळाचा) निर्णय आणि न्यायालयाचा हुकूमनामा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केवळ धर्मपीठाच्या निर्णयावर पुन्हा लग्न करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये स्पष्ट केले. तेव्हा पुनर्विवाहासाठी कोणी पाळकांकडे आले, तर त्यांनी आधी न्यायालयाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत मागावी, अपिलाची मुदत संपली आहे की नाही ते तारखेवरून पाहावे, कॅथलिक असल्यास न्यायमंडळाचे पत्रही मागावे आणि त्यानंतरच विवाहाची सूचना लावण्याचा विचार करावा.