वाळूतल्या एटीव्हीला ऑइल कूलर

नागावच्या किनाऱ्यावर आमची एअर-कूल्ड (वाऱ्याने इंजिन थंड होणारी) एटीव्ही, म्हणजे जाड टायरांची चारचाकी बाइक फिरते. वाळूत वेग कमी, इंजिनावर लोड जास्त. दुपारपर्यंत ऑइल तापून पार पातळ आणि क्लच स्लिप, म्हणजे इंजिन फिरतं पण ताकद चाकांपर्यंत पोचत नाही! क्लच त्याच ऑइलात बुडालेला, त्यामुळे प्लेटा बदलूनही फरक पडेना.

शेवटी हेडलाइटखाली ऑइल कूलर (ऑइल थंड करणारा छोटा रेडिएटर) बसवला, पुढे जाळी. गाडीला वेगच नाही तर वारा कुठून येणार, म्हणून मागे १२ व्होल्टचा छोटा फॅन. बँजो बोल्टला (होज जोडणारा पोकळ बोल्ट) दोन्ही बाजूंनी तांब्याचे नवे वॉशर घातले, होज सायलेन्सरपासून लांब ठेवले. इंजिन थोडं चालवून बंद केलं की डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) परत बघायची. कूलरमध्ये जेवढं ऑइल गेलं तेवढं इंजिनात आणखी भरावं लागतं.

आता क्लच धरतो. कूलरच्या फिन्समधली (पातळ पत्र्यांमधली) वाळू मात्र मऊ ब्रशनेच काढा, प्रेशर वॉशरने फिन्स वाकतात.