छोटं गेमिंग कॅबिनेट घ्यायच्या आधी टेप घ्या, आणि मे महिना डोळ्यासमोर ठेवा

पंधरा दिवसांत तिसऱ्या माणसाने मला कॅबिनेटचा, म्हणजे पीसीचे सगळे पार्ट बसतात त्या डब्याचा, फोटो पाठवला, भाऊ हे कसं आहे, घेऊन टाकू का. फोटोत काय तर काच, आत लाल-निळे लाईट, आणि शेजारी कॉफीचा मग ठेवलेला, डबा किती छोटा आहे हे कळावं म्हणून. आता मगाच्या उंचीवरून मी काय सांगणार बाप्पा? म्हणून एकदाच बसून सगळं लिहून राहिलो, पुढच्या वेळी सरळ हेच पाठवून देईन.

आधी माझा बह्याडपणा सांगतो. पहिलं छोटं कॅबिनेट मी काच पाहूनच घेतलं होतं, तेही डिसेंबरात, आणि डिसेंबरात नागपुरात काहीही चालते, रात्री खिडकी उघडी ठेवली की पीसीच काय आपणही गारठतो. फेब्रुवारीपर्यंत मी सगळ्यांना सांगत होतो की पहा किती थंड चालते. मग मे आला. गेम सुरू करून वीस मिनिटं झाली की फ्रेम पडायचे म्हणजे गेम अडखळायचा, काचेला हात लावला तर तव्यासारखी गरम, आणि शेवटी एका बाजूचं पॅनल काढून पीसी उघडाच चालवला दोन महिने, त्यात एकदा पाल पण येऊन बसली. एवढे पैसे देऊन छोटं कॅबिनेट घ्यायचं आणि उघडं ठेवायचं तर मग कॅबिनेट कशाला, पाटावर मांडला असता संसार.

तर आता पारखायचं कसं. पहिली गोष्ट लिटर. छोट्या कॅबिनेटवाले लोक आकार लिटरमध्ये बोलतात, लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची मिलिमीटरमध्ये आणि उत्तराला १० लाखांनी भागायचं, झालं. पण यात गंमत अशी की कंपनी पाय आणि बाहेर आलेले भाग बहुतेक वेळा धरत नाही. कूलर मास्टर कंपनीचं एनआर२०० घ्या, या प्रकारातलं खूप चाललेलं कॅबिनेट आहे. ते १८.२५ लिटरचं म्हणून सांगतात, म्हणजे ३६० गुणिले १८५ गुणिले २७४. पाय आणि मागचं-पुढचं सगळं धरून माप ३७६ गुणिले १८५ गुणिले २९२ होते, हिशोब केला की २० लिटरच्या वर जाते. खोटं कोणी बोलत नाही, पण तुमच्या टेबलावर दुसरा आकडा बसणार आहे, पहिला नाही. फ्रॅक्टलचं टेरा १०.४ लिटरचं, डॅनचं ए४ एसएफएक्स तर ७.२ लिटर. लिटर जितके कमी तितकं प्रत्येक पार्ट निवडताना डोकं जास्त खाजवायचं, आणि पैसेही जास्त, कारण मिनी आयटीएक्स या छोट्या मापाचे मदरबोर्ड (सगळे पार्ट ज्यावर जोडतात ती पाटी) आपल्याकडे कमी येतात आणि त्याच चिपसेटच्या, म्हणजे त्याच मुख्य चिपच्या, पण मोठ्या मायक्रो एटीएक्सपेक्षा बरेच महाग पडतात. मिनी आयटीएक्स म्हणजे १७० बाय १७० मिमी, मायक्रो एटीएक्स २४४ बाय २४४ पर्यंत. माझं स्पष्ट मत, पीसी घेऊन कुठे फिरायचं नसेल, हॉस्टेल-घर असं करायचं नसेल, तर २०-३० लिटरमधलं मायक्रो एटीएक्स कॅबिनेट पहा आणि वाचलेले पैसे ग्राफिक कार्डात टाका. पण ज्यांना छोटंच पाहिजे त्यांना पाहिजेच असते, मलाही पाहिजे होतं, म्हणून पुढे चला.

ग्राफिक कार्डाचं माप हा खरा विषय आहे, इथेच लोक फसतात. सगळे लांबी पाहतात, कॅबिनेटवर लिहिलं ३२० मिमी आणि कार्ड ३०५ चं, चला बसते. पण कार्डाला तीन मापं असतात. लांबी, जाडी, आणि उंची म्हणजे मदरबोर्डपासून काचेकडे कार्ड किती बाहेर येते ते. जाडी स्लॉटमध्ये सांगतात, एक स्लॉट म्हणजे २०.३२ मिमी, तर तीन स्लॉटचं कार्ड साधारण ६१ मिमी झालं. कॅबिनेट तीन स्लॉटचं असेल आणि कार्डही पूर्ण तीन स्लॉटचं, तर ते बसेल हो, पण पंखे पॅनलला नाक लावून बसतील आणि पॅनलला जाळी नसेल तर श्वास घ्यायला हवाच नाही. पंखा आणि पॅनल यांच्यात निदान बोटभर जागा पाहिजे, आणि समोर जाळीच पाहिजे. उंचीत आणखी एक छुपी गोष्ट आहे, पॉवरची केबल. कार्डाची उंची लिहिलेली असते ती केबल लावायच्या आधीची. नवीन १६ पिनची केबल कनेक्टरमधून निघाल्या निघाल्या वाकवायची नसते, साधारण ३५ मिमी सरळ जाऊ द्यायची मग वळवायची, नाहीतर पिन नीट बसत नाहीत आणि कनेक्टर तापतो. म्हणजे कार्ड १३० मिमी उंच असेल तर मनात १६० च्या वर धरा. काच बंद करताना केबल दाबून बंद करावी लागून राहिली तर ते कॅबिनेट त्या कार्डासाठी नाही, विषय संपला.

सोय अशी की २०२४ मध्ये एनव्हिडियाने छोट्या कॅबिनेटसाठी एक ठरलेलं माप काढलं, एसएफएफ रेडी म्हणतात त्याला. कार्ड जास्तीत जास्त ३०४ मिमी लांब, १५१ मिमी उंच आणि ही उंची केबलचं वळण धरून, आणि ५० मिमी जाड म्हणजे अडीच स्लॉट. आता कॅबिनेट पाहताना मी सरळ हे तीन आकडे घेतो, आत एवढं बसत असेल तर उद्या कार्ड बदललं तरी अडचण नाही. आणि दोन पंख्याचं कार्ड घेतलं तर तसंही जागेचा त्रास कमी होते, तीन पंख्यांचा सोस सगळ्यांनाच कशाला पाहिजे कोण जाणे.

प्रोसेसरचा कूलर. इथे एकच माप, उंची. सँडविच प्रकारचं कॅबिनेट असेल, म्हणजे एका बाजूला मदरबोर्ड आणि पाठीला पाठ लावून ग्राफिक कार्ड, तर कूलरला ४५ ते ७० मिमीच्या आसपासच जागा मिळते. नॉक्टुआचा एल९ मालिकेतला ३७ मिमीचा, थर्मलराईटचा एएक्सपी९० एक्स४७ हा ४७ चा, एएमडीच्या डब्यात येणारा रेथ स्टेल्थ ५४ चा. उंच उभे टॉवर कूलर १५५ मिमीच्या घरात जातात, ते एनआर२०० सारख्या कॅबिनेटमध्येच. चपट्या कूलरचा एक नियम लक्षात ठेवा, एकतर तो जाळीला अगदी चिकटून पाहिजे म्हणजे बाहेरची हवा थेट ओढेल, नाहीतर भरपूर लांब. मधेच दोन सेंटिमीटरची फट राहिली की तो स्वतःचीच गरम हवा परत परत पिते. तशी फट राहिलीच तर फोमची पट्टी कापून गोल कडं करून लावा, बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, कुठल्याही फोमवाल्याकडे पट्टी मिळते आणि फरक चांगला पडते. रॅमचंही पहा, ते आरजीबी म्हणजे रंगीत लाईटवाले उंच दांडे चपट्या कूलरखाली जात नाहीत.

एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, पटकन सांगतो. त्यातलं छोटं माप एसएफएक्स म्हणजे १२५ रुंद, १०० लांब, ६३.५ उंच. साधा एटीएक्स १५० रुंद, ८६ उंच आणि १४० किंवा त्याहून लांब. घरात पडलेला जुना एटीएक्स वापरू म्हणत असाल तर आधी कॅबिनेट तो घेते का पहा, बहुतेक छोटे घेत नाहीत, आणि चांगला एसएफएक्स महाग असते, तो खर्च कॅबिनेटच्या किमतीतच धरून बजेट करा. मॉड्युलरच घ्या, म्हणजे नको त्या केबल काढून ठेवता येतात तो. जास्तीच्या केबल ठेवायला जागाच नसते हो.

आता नागपूरचा मुद्दा, ज्याच्यासाठी हे सगळं लिहून राहिलो. रिव्ह्यूवाले लोक एसीत, २१-२२ डिग्रीच्या खोलीत टेस्ट करतात आणि सांगतात कार्ड ७० वर राहिलं. आता तुमची खोली किती? मे महिन्यात माझ्या खोलीत डेझर्ट कूलर चालू असून दुपारी ३४ च्या खाली येत नाही, बाहेर ४५. साधा हिशोब आहे, खोली १३ डिग्री जास्त गरम तर आतलं सगळंही जवळपास तेवढंच जास्त गरम, ७० चे ८३ होतात आणि तिथे कार्ड स्वतःचा वेग कमी करायला लागते. म्हणून रिव्ह्यूचा आकडा तसाच घेऊ नका, त्यातून त्यांच्या खोलीचं तापमान वजा करा, जो फरक उरते त्यात तुमची मे महिन्यातली खोली मिळवा. उत्तर ८० च्या वर गेलं की ते कॅबिनेट त्या कार्डासोबत आपल्यासाठी नाही. आणि खोलीत एक साधा थर्मामीटर ठेवा, मोबाईलवर दिसणारं तापमान धरू नका. २०२४ च्या मे मध्ये आपल्याकडे एका सेन्सरने ५६ डिग्री दाखवलं होतं, देशभर बातमी झाली, मग हवामान खात्याने सांगितलं की सेन्सरच बिघडलेलं. तेव्हापासून माझा विश्वास भिंतीवरच्या थर्मामीटरवर.

हवा कशी पाहायची? दुकानात कॅबिनेट हातात घ्या आणि जाळीतून पलीकडे लाईटकडे पहा. लाईट स्वच्छ दिसला तर हवाही जाईल, अंधुक दिसला तर हवाही अंधुकच. काही कॅबिनेटमध्ये बाहेर सुंदर जाळी आणि आत पत्र्याला चार बारीक छिद्रं असतात, तीही पहा. मग विचारा हवा येते कुठून आणि जाते कुठून, बोटाने दाखवता आलं पाहिजे. खालून किंवा बाजूने आत, वरून बाहेर, हा सगळ्यात सोपा मार्ग कारण गरम हवा तशीही वर जाते. वर काच किंवा बंद पत्रा असेल तर सोडून द्या. खाली पंखे असतील तर पाय निदान दीड-दोन सेंटिमीटर उंच पाहिजे. घरी बांधून झाल्यावर अगरबत्ती पेटवून जाळीजवळ धरा, धूर आत खेचला गेला पाहिजे, आणि वर निघालेला धूर फिरून परत बाजूने आत जाऊन राहिला तर पीसी भिंतीला फार चिकटवलेला आहे, थोडा ओढा.

आणि आपला डेझर्ट कूलर. तो पीसीच्या थेट समोर ठेवू नका, खसची ओली हवा आणि बाहेरची धूळ दोन्ही सोबत येतात, फिल्टरवर पंधरा दिवसांत चिखलासारखा थर बसते. म्हणून निघणारं फिल्टर पाहिजे, चुंबकाचं असेल तर उत्तम, आणि ते काढायला अख्खा पीसी उलटा करावा लागत असेल तर तुम्ही ते कधीच धुणार नाही, मी पण धुतलं नाही. कूलरचा एक फायदा मात्र आहे. रिव्ह्यूत पंख्याचा आवाज किती डेसिबल यावर दहा मिनिटं घालवतात, आपल्याकडे मे महिन्यात कूलर सुरू असला की शेजारचा माणूस बोललेलं ऐकू येत नाही, पीसीचा पंखा काय ऐकू येणार. उन्हाळ्यात फॅन कर्व्ह, म्हणजे किती तापल्यावर पंखा किती जोरात फिरावा ती सेटिंग, बिनधास्त वर करा.

रायझर केबलबद्दल सांगायचं राहिलं. सँडविच कॅबिनेटमध्ये कार्ड या पट्टीने जोडतात. जुन्या कॅबिनेटमध्ये तिसऱ्या पिढीची (जेन ३) पट्टी असते, आणि नवीन कार्ड-बोर्ड चौथ्या-पाचव्या पिढीने बोलायला जातात, मग स्क्रीन काळी, किंवा गेम मधेच बंद. माझ्या एका मित्राने यापायी कार्ड खराब समजून परत पाठवलं होतं. बायोसमध्ये, म्हणजे पीसी सुरू होताना उघडते त्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, स्लॉट जेन ३ वर टाकला की चालते, पण बायोस दिसायला आधी स्क्रीन पाहिजे, आणि प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक नसेल, रायझेन ५६०० किंवा इंटेलचे नावाच्या शेवटी एफ असलेले, तर तेही दिसणार नाही. तेव्हा पट्टी कोणत्या पिढीची हे विकत घ्यायच्या आधी विचारा, निदान जेन ४ पाहिजे.

दुकानात जायच्या आधी कागदावर कार्डाची तिन्ही मापं, कूलरची उंची, एसएमपीएसची लांबी लिहून न्या, आणि टेप खिशात. बर्डीवर छोटी कॅबिनेटं मांडून ठेवलेली फार नसतात, मागवून देतात, म्हणून परत घ्याल का आणि किती दिवसांत हे बिलावरच लिहून घ्या, तोंडी नाही. दुकानदार हसेल टेप पाहून. हसू द्या.

एक शेवटचं, कॅबिनेट पूर्ण धातूचं असेल आणि हात लावला की झिणझिण्या येत असतील तर कॅबिनेटला शिव्या देऊ नका, घराची अर्थिंग तपासा, आपल्या जुन्या घरांत तीन पिनच्या बोर्डात तिसरं भोक नुसतं शोभेला असते. इलेक्ट्रिशियन बोलवा, आणि तोपर्यंत अनवाणी पायाने पीसीला हात लावू नका.