टॉवरमधलं ओजेटी: शिकाऊ कंट्रोलर आणि इन्स्ट्रक्टर, दोघांनीही या चुका टाळा

प्रयागराज, हैदराबाद किंवा गोंदियाचं प्रशिक्षण संपवून हवाई वाहतूक नियंत्रणातला नवा ज्युनियर एक्झिक्युटिव्ह, म्हणजे शिकाऊ कंट्रोलर, पहिल्या पोस्टिंगवर रुजू होतो, तेव्हा नियम त्याला पाठ असतात आणि सिम्युलेटरवर हातही बसलेला असतो. तरी एकट्याने फ्रिक्वेन्सीवर, म्हणजे रेडिओवर वैमानिकांशी, बोलायची त्याला मुभा नसते, कारण रेटिंग, म्हणजे स्वतंत्रपणे काम करण्याची परवानगी, नसते. ते मिळतं ओजेटीतून (ऑन-द-जॉब ट्रेनिंग), म्हणजे खऱ्या विमानांवर, रेटिंग असलेल्या इन्स्ट्रक्टरच्या शेजारी बसून. हेडसेट दोन, जबाबदारी इन्स्ट्रक्टरची.

इथे ज्यांची गाडी अडते त्यातल्या बहुतेकांचं दुखणं एकच असतं. शिकाऊ गप्प राहतो आणि त्याचं गप्प राहणं म्हणजे 'जमतंय' असं इन्स्ट्रक्टर समजतो. खालच्या बहुतेक चुका तिथूनच फुटतात. (पुण्यात लोहगावला हवाई दल आणि गोव्यात दाबोळीला नौदल कंट्रोल सांभाळतं. तिथली पद्धत वेगळी. मी बोलते आहे ते विमानतळ प्राधिकरणाच्या युनिटबद्दल.)

तास मोजत बसणं

आयकाओच्या (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या) परिशिष्ट १ प्रमाणे एरोड्रोम, म्हणजे टॉवरच्या, रेटिंगसाठी देखरेखीखाली किमान ९० तास किंवा एक महिना, यातलं जे जास्त ते, काम करावं लागतं. अप्रोच (विमानतळाकडे येणारी-जाणारी विमानं) आणि एरियासाठी (वाटेतली, उंचावरची विमानं) हाच आकडा १८० तास किंवा तीन महिने असा आहे. हा किमान आकडा आहे, पण ओजेटीतली मुलं त्याला शेवटची तारीख समजतात आणि डायरीत रोज बेरीज करतात. रात्री दोन ते चारच्या शांत वेळात भरलेला तास आणि सकाळच्या गर्दीतला तास डायरीत सारखेच दिसतात. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच चालते. २०१८ मध्ये तिथे एका दिवसात हजारावर विमानं चढ-उतार करून गेली. असल्या ठिकाणी शांत तासांवर भरवसा ठेवून रेटिंगच्या परीक्षेला बसू नका. ड्युटी लावणाऱ्याकडे गर्दीच्या वेळची पोझिशन, म्हणजे कामाची खुर्ची, स्वतःहून मागा. लहान विमानतळावर असाल तर उलटं करा. रडारविना, नुसत्या प्रोसिजरवर (वैमानिकांनी कळवलेल्या जागा आणि वेळांवर) विमानं वेगळी ठेवायची संधी तिथे मिळते, ती मोठ्या ठिकाणी मिळणार नाही.

रीडबॅक ऐकल्यासारखं करणं

ही चूक सर्वांत जास्त दिसते, आणि ती जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही. शिकाऊ सूचना देतो: फ्लाइट लेव्हल वन फाइव्ह झीरो, म्हणजे १५,००० फुटांची उंची. वैमानिक रीडबॅक देऊ लागतो, म्हणजे तीच सूचना परत म्हणून दाखवतो, तेवढ्यात शिकाऊचे डोळे पुढच्या स्ट्रिपवर (विमानाची माहिती लिहिलेल्या पट्टीवर) गेलेले असतात, आणि दुसरं विमान बोलायच्या तयारीत असल्याचं त्याला जाणवत असतं. वैमानिक 'वन थ्री झीरो' म्हणाला तरी कानाला वन फाइव्हच ऐकू येतं, कारण आपण तेच बोललो होतो. कान अपेक्षित तेच ऐकतो. त्यात शिकाऊ असला की बोटंही प्रेस-टू-टॉक, म्हणजे बोलायचं बटण, पुन्हा दाबायची घाई करतात.

उपाय अगदी साधा आहे. रीडबॅक चालू असताना पेनाचं टोक स्ट्रिपवरच्या त्या आकड्यावर ठेवा आणि आकडा जुळल्यावरच खूण करा. स्ट्रिप इलेक्ट्रॉनिक असेल तर कर्सर तिथे ठेवा. हात मोकळा राहिला की मन पुढे पळतं. आकड्यांची गल्लत किती जुनी आहे ते यावरून कळेल की 'वन वन झीरो' आणि 'वन झीरो झीरो' यांत घोळ होऊ नये म्हणून पूर्ण शंभराच्या लेव्हल आता 'वन हंड्रेड' अशा म्हणतात.

शंका आली तर पुन्हा विचारा. पुन्हा विचारलं की इन्स्ट्रक्टरसमोर आपली पत जाईल असं वाटतं. उलट, जो शिकाऊ दिवसभरात एकदाही 'कन्फर्म' म्हणत नाही त्याच्याबद्दल मला काळजी वाटते.

आणि रीडबॅक बरोबर आला म्हणजे विमान बरोबर जाईल असंही धरू नका. १२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणातल्या चरखी दादरीवर दिल्लीहून निघालेलं सौदियाचं बोइंग ७४७ आणि दिल्लीकडे येणारं कझाकिस्तानचं इल्युशिन-७६ एकमेकांवर आदळून ३४९ माणसं गेली. इल्युशिनला १५,००० फुटांची मर्यादा दिली होती, तरी ते त्याखाली उतरलं. दिल्लीच्या कंट्रोलरला तेव्हा रडारवर उंची दिसत नव्हती. आज ती स्क्रीनवर विमानाशेजारच्या लेबलवर दिसते. सूचना दिली, रीडबॅक जुळला, आता लेबलमधला आकडा दिलेल्या लेव्हलकडे जातोय का हे पाहा. ही तिसरी पायरी नवख्यांकडून सुटते.

चुकीचं कॉलसाइन, आणि दोघांचंही

कॉलसाइन म्हणजे रेडिओवरचं विमानाचं नाव. ओजेटीच्या इतिहासातलं सर्वांत बोलकं प्रकरण जपानचं आहे. ३१ जानेवारी २००१ ला टोकियोच्या नियंत्रण केंद्रात एक शिकाऊ कंट्रोलर इन्स्ट्रक्टरच्या देखरेखीखाली काम करत होता. हानेदाहून नाहाला निघालेलं जपान एअरलाइन्सचं ९०७ वर चढत होतं आणि बुसानहून नारिताला येणारं ९५८ समोरून त्याच्या वाटेत येत होतं. स्क्रीनवर धोक्याचा इशारा आला. शिकाऊला ९५८ ला खाली उतरवायचं होतं, पण तोंडून ९०७ गेलं. ९०७ च्या टीकॅसने (टक्कर टाळायला सांगणाऱ्या विमानातल्या यंत्रणेने) वर जा असं सांगितलं, कंट्रोलरने खाली उतर असं सांगितलं, आणि कॅप्टनने कंट्रोलरचं ऐकलं. ९५८ ला टीकॅसने उतरायला सांगितलं, तेही उतरलं. इन्स्ट्रक्टरने मध्ये पडून सूचना दिली ती '९५७' ला, आणि त्या नावाचं विमान त्या आकाशात नव्हतंच. दोन्ही विमानं शेवटच्या क्षणी एकमेकांच्या शेजारून निसटली. ९०७ मध्ये सुमारे शंभर जण जखमी झाले. दोन्ही विमानांत मिळून ६७७ माणसं होती.

माझ्या मते यातून शिकाऊने घ्यायची गोष्ट ही की इशारा आला की आधी दोन्ही कॉलसाइन स्क्रीनवर बोटाने दाखवा आणि मग बोला. तो अर्धा सेकंद वाया जात नाही. इन्स्ट्रक्टरने घ्यायची गोष्ट जास्त अवघड आहे. शिकाऊच्या चुकीने तुमचाही तोल जातो. त्यामुळे शेवटच्या क्षणी उडी मारून सावरण्याची आशा ठेवू नका, अंतर कमी होऊ लागतं तेव्हाच हात घाला. आणि वैमानिक 'टीकॅस आरए' (टीकॅसने वर किंवा खाली जायला सांगितलंय) म्हणाला की तो 'क्लिअर ऑफ कॉन्फ्लिक्ट' (धोका टळला) म्हणेपर्यंत त्याच्या मार्गात लुडबूड करायची नाही, हे दोघांच्याही डोक्यात पक्कं असू द्या. या प्रसंगानंतर आणि २००२ मध्ये जर्मनीतल्या उबरलिंगेनवर झालेल्या दोन विमानांच्या टकरीनंतर आयकाओने टीकॅसचा सल्ला आधी पाळायचा हे स्पष्ट केलं.

त्या शिकाऊवर आणि इन्स्ट्रक्टरवर जपानमध्ये फौजदारी खटला चालला. खालच्या न्यायालयाने सोडलं, उच्च न्यायालयाने दोषी ठरवलं आणि २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलं. मला हे पटत नाही. ज्या युनिटमध्ये चूक सांगितली की माणूस अडकतो, तिथे पुढची चूक कोणी सांगत नाही. जाणूनबुजून केलेल्या बेफिकिरीला माफी नको, पण शिकताना झालेली चूक नोंदवणाऱ्याला संरक्षण हवं. घडलेला प्रसंग 'आपापसात मिटवू' म्हणणारा इन्स्ट्रक्टर त्या मुलाचं नुकसानच करतो.

न सांगता माइक हिसकावणं

इन्स्ट्रक्टरला शिकाऊच्या वर बोलण्याची सोय असते. ती वापरायलाच हवी, पण कशी ते महत्त्वाचं. 'मी घेतलं' असं म्हणून घ्या आणि परिस्थिती निवळली की 'आता तुझं' म्हणून परत द्या. मधल्या वेळात पोझिशन नेमकी कोणाची आहे हे दोघांना माहीत नसेल, तर दोन माणसं बसूनही खुर्ची रिकामीच आहे.

दर दोन मिनिटांनी मध्ये बोलणारे इन्स्ट्रक्टरही असतात. त्यांच्या हाताखालचा मुलगा ट्रॅफिककडे न बघता त्यांच्या चेहऱ्याकडे बघायला शिकतो. ट्रॅफिक असताना शिकवणी नको. त्या वेळी एकच प्रश्न विचारा: 'आता काय करणार?' उत्तर ऐका आणि सुरक्षित असेल तर करू द्या, तुम्ही वेगळं केलं असतं तरी. बाकीचं पोझिशन सोडल्यावर, चहाच्या आधी. चहानंतर तपशील निसटतात. अहवालात 'समाधानकारक' एवढंच लिहू नका. 'अप्रोचकडून हँडओव्हर घेताना (विमान ताब्यात घेताना) वेग विचारला नाही' असं लिहिलं तर दुसऱ्या दिवशीच्या इन्स्ट्रक्टरला काय पाहायचं ते कळतं.

धावपट्टीवरचं विमान विसरणं

१ फेब्रुवारी १९९१ ला लॉस एंजेलिसमध्ये कंट्रोलरने एक लहान विमान धावपट्टीवर उभं केलं, ते तिच्या ध्यानातून गेलं, आणि त्याच धावपट्टीवर दुसऱ्याला उतरायची परवानगी दिली. ३५ जण गेले. ती अनुभवी होती. स्मरणशक्तीवर काम करू नका. धावपट्टी अडलेली असेल तर युनिटमध्ये ठरलेली खूण लावा आणि ती मोकळी होईपर्यंत काढू नका, रात्री एकच विमान असलं तरी.

ज्येष्ठ शिकाऊ आणि कनिष्ठ इन्स्ट्रक्टर

याबद्दल फार कमी बोललं जातं. रेटिंग त्या युनिटपुरतं असतं. बदली होऊन आलेल्या पंधरा-वीस वर्षांच्या अनुभवी अधिकाऱ्यालाही नव्या ठिकाणी ओजेटी करावं लागतं, आणि शेजारी बसलेला इन्स्ट्रक्टर हुद्द्याने आणि वयाने लहान असू शकतो. मग 'सर, ते विमान...' असं म्हणून तो वाक्य अर्धवट सोडतो, आणि सरही 'हो हो, बघतोय' म्हणतात. जुन्या ठिकाणच्या सवयी हात सोडत नाहीत. जुन्या धावपट्टीचा टॅक्सीवे डोक्यात असतो, शेजारच्या सेक्टरशी इथे कोणत्या लेव्हलला हस्तांतर ठरलंय ते नसतं.

हेडसेट लावण्याआधी हे मोकळेपणाने ठरवून घ्या, आणि पुढाकार ज्येष्ठाने घ्यावा. 'पोझिशनवर तू मला टोक, सर म्हणायची गरज नाही, कॉलसाइन आणि सूचना एवढंच बोल.' एवढं एक वाक्य आधी झालं, तर लहान इन्स्ट्रक्टर वेळेवर हात घालतो. ते झालं नसेल आणि तुम्ही तो लहान इन्स्ट्रक्टर असाल, तर शिफ्ट इन्चार्जसमोर तुम्हीच विषय काढा. तरीही अडलं, तर जोडी बदलून मागा. त्यात कमीपणा नाही, आणि रोस्टर करणाऱ्याने कारण विचारलं तर खरं सांगा.