रोजच्या वापरासाठी दुधाची पावडर

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीला पूर आला, तेव्हा बडोद्याच्या अनेक भागांत घराबाहेर पडणेही कठीण झाले होते. अशा वेळी घरात होल मिल्क पावडर, म्हणजे साय न काढलेल्या दुधाची पावडर असली, तर सकाळचा चहा अडत नाही. मात्र तिला केवळ अडीनडीची वस्तू मानू नये.

विकत घेताना पाकिटावरील घटक अवश्य वाचावेत, कारण चहा-कॉफीत घालायच्या डेअरी व्हाइटनरमध्ये बहुधा साखर मिसळलेली असते, तर होल मिल्क पावडरमध्ये किमान २६ टक्के स्निग्धांश असतो आणि त्यामुळेच तिच्या दुधाला दाटपणा येतो.

एक लिटर दुधासाठी साधारण १३० ग्रॅम पावडर पुरते. उकळून कोमट केलेल्या थोड्या पाण्यात ती आधी कालवावी आणि गुठळ्या मोडल्यावरच उरलेले पाणी हळूहळू घालावे. हे दूध काही तास फ्रिजमध्ये ठेवल्यास पावडरीचा वास कमी जाणवतो. विरजण लावताना पावडर थोडी वाढवली, तर दही छान घट्ट लागते. साय मात्र ताज्या दुधासारखी धरत नाही, तेव्हा तुपासाठी ताजे दूधच घ्यावे.

पावसाळ्यात डबा हवाबंद ठेवावा आणि चमचा पूर्ण कोरडा असावा, कारण दमटपणाने पावडरीचे खडे होतात आणि हवा लागून तिच्यातील स्निग्धांश खवट होतो. कालवलेले दूध फ्रिजमध्ये ठेवून एका दिवसात संपवावे. एक वर्षाखालील बाळाला आईच्या दुधाऐवजी ते कधीही देऊ नये.