पाठ एकदा धरून गेल्यावर डेडलिफ्ट कशी सुरू करावी

पंचेचाळिशीनंतर मणक्यातली गादी सरकली की जो तो एकच सांगतो, ‘आता वाकायचं नाही, जड उचलायचं नाही.’ सांगणाऱ्याच्या घरीही सिलिंडर येतोच. भरलेला घरगुती सिलिंडर साधारण 30 किलोचा असतो आणि तो दारातून ओट्याखाली मंत्राने जात नाही. वाकणं टळणार नसेल तर नीट वाकायला शिकावं. डेडलिफ्ट म्हणजे तेच: खाली ठेवलेलं वजन खुब्यातून वाकून धरायचं आणि सरळ उभं राहायचं.

डॉक्टरांची परवानगी आहे, बीपी गोळ्यांनी आटोक्यात आहे, हे मी गृहीत धरतो. मधुमेहाने डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम झाला असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांनाही विचारा; जिममध्ये हे कुणी विचारत नाही. पाऊल उचलायची ताकद कमी झाली, बसायच्या जागी बधिरपणा आला किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर व्यायाम राहू द्या आणि त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

आधी दहा मिनिटं चाला. झोपेतून उठल्यावर पहिला तासभर मात्र वजनाला हात लावू नका. रात्रभर आडवं पडल्याने मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, अशा वेळी वाकलं की त्यांच्यावर ताण जास्त पडतो. भल्या पहाटे पायाचे अंगठे धरून ‘पाठ मोकळी करा’ म्हणणाऱ्यांना लांबूनच नमस्कार करावा.

आता मुख्य काम: कमरेतून न वाकता खुब्यातून वाकणं. मी सगळ्यात जास्त रखडलो ते इथेच. खुब्यातून वाकतोय असं वाटायचं, आणि प्रत्यक्षात गुडघे पुढे जायचे किंवा कंबर गोल व्हायची. आरशाचा उपयोग होत नाही. आरशात बघायला मान वळवली की पाठही वळते. उपयोग होतो तो फरशी पुसायच्या मॉपच्या दांड्याचा.

दांडा पाठीवर उभा धरा, एक हात मानेमागे, दुसरा कमरेमागे. तो तीन ठिकाणी टेकला पाहिजे: डोक्याला मागून, दोन फऱ्यांच्या मध्ये आणि माकडहाडाला. भिंतीकडे पाठ करून वीतभर पुढे उभे राहा. गुडघे किंचित सैल सोडा आणि कुल्ले मागे ढकलत भिंतीला टेकवा. छाती आपोआप खाली येते, तिला मुद्दाम खाली नेऊ नका. मांडीचा मागचा भाग ताणला गेला तर जमलं. ताण कमरेत जाणवला तर परत उभे राहा. तीनपैकी एका जागेवरून जरी दांडा सुटला तरी तिथेच थांबा, तुमची आजची हद्द तेवढीच. ती गुडघ्यापर्यंतच असेल तर असू दे. शेजारचा पोरगा जमिनीवरून 100 किलो ओढतोय, तो पंचवीस वर्षांचा आहे.

दांडा न सुटता सलग दहा वेळा जमेपर्यंत वजन घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. ट्रेनर घाई करेल. करू दे.

मग केटलबेल (वर कडीसारखी मूठ असलेला वजनाचा गोळा) चौरंगावर ठेवून उचला, जमिनीवरून नाही. हद्द वाढेल तसा चौरंगाऐवजी पाट येईल. 8 किलोने सुरुवात पुरे. आठ वेळा उचलायचं, असे तीन सेट, आठवड्यातून दोनदा. तिसऱ्या सेटनंतरही आणखी तीनेक वेळा सहज जमेल असं वाटलं की पुढचं वजन.

उचलताना मोठ्याने आकडे मोजा. श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब झपकन चढतो, आणि बोलणाऱ्याला श्वास कोंडता येत नाही. कमरेचा पट्टा सध्या नको. त्यात पोट दाबून जोर काढायची सवय लागते.

दुखण्याबद्दल: त्याला दहापैकी गुण द्या. तीनपर्यंत दुखलं आणि दुसऱ्या सकाळी नेहमीसारखं वाटलं, तर चालू ठेवा. कळ कुल्ल्यातून पोटरीकडे उतरू लागली तर त्या दिवशी बंद. उलट पायातली कळ वर सरकत कमरेपाशी गोळा झाली, तर कंबर थोडी जास्त दुखत असली तरी ते सहसा चांगलं लक्षण असतं.

मधेच पाठ पुन्हा धरलीच तर अंथरूण धरू नका. जमेल तेवढं घरातल्या घरात चाला. कळ ओसरली की वजन निम्मं करा, चौरंग परत काढा आणि मॉपच्या दांड्यापासून सुरू करा.